जर्मनमध्ये 'ब्राव्हेस', स्वीडिशमध्ये नुसतं 'ब्रा': उसन्या विशेषणाला प्रत्यय कधी लागतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमचं जर्मन बी-वन (मधली पातळी) झालंय, आता मास्टर्ससाठी स्वीडनला जायचंय म्हणून स्वीडिश सुरू केलंय, आणि बाहेरून आलेल्या विशेषणांनी गोंधळ घातलाय. जर्मनमध्ये 'ब्राफ' म्हणजे शहाणं, सांगितलेलं ऐकणारं मूल, त्याला प्रत्यय लागतो, 'आइन ब्राव्हेस किंट'. स्वीडिशमधलं 'ब्रा' म्हणजे चांगला हा मुळात तोच शब्द असं तुम्ही वाचलंत, पण त्याला काही म्हणजे काहीच लागत नाही. 'लीला' म्हणजे जांभळा, त्याला दोन्हीकडे काही लागत नाही. 'कूल'ला मात्र दोन्हीकडे लागतं. तर परक्या विशेषणाला प्रत्यय लावायचा की नाही याला काही नियम आहे का, की शब्दागणिक पाठ करत बसायचं? आणि जाता जाता विचारलंय की तुमची जर्मन मैत्रीण बोलताना 'लीलानेस क्लाइट' (जांभळा ड्रेस) म्हणते, ते लिहिलं तर चालेल का.

मी बरीच वर्षं पुण्यात जर्मन शिकवतेय, सोबत जर्मन, डच आणि स्वीडिशमधून भाषांतराची कामं करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतच असतो. माझं उत्तर असं की नियम आहे, पण तो 'परका शब्द' या गोष्टीवर बेतलेला नाहीये. शब्द कुठून आला आणि किती जुना आहे हे बघून तुम्ही ठरवायला जाल तर हमखास चुकाल. शब्दाची शेपटी कशी आहे आणि त्या भाषेला त्या शेपटीला काही जोडता येतं का, हे बघायचं. आता हे नीट उलगडून सांगते.

आधी वयाचा मुद्दा निकालात काढू, कारण बहुतेकांना तेच वाटतं, की शब्द जुना झाला की घरचा होतो आणि मग प्रत्यय घेतो. चार शब्द घ्या. जर्मन 'फाइन' (बारीक, नाजूक, छान) हा जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगात आला. तो किती जुना ते त्याच्या स्वरावरूनच कळतं: तेव्हा तो 'फीन' होता, मग जर्मनमधला दीर्घ 'ई' बदलून 'आइ' झाला त्यात हाही सापडला आणि 'फाइन' झाला, डचमध्ये 'फेइन', इंग्रजीत 'फाइन', तर स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये तो स्वरबदल झालाच नाही म्हणून तिथे अजून 'फीन'. हा जुना शब्द सगळीकडे प्रत्यय घेतो: जर्मन 'फाइनेस', डच 'फेइने', स्वीडिश 'फीन्त, फीना', आणि आइसलँडिकमध्ये तर 'फीन' या तुकड्याला तिन्ही लिंगं, चारही विभक्त्या लागतात. (इंग्रजीचं सोडा, तिथे विशेषणाला लिंग-वचनाचे प्रत्यय उरलेच नाहीत.) दुसरा शब्द 'कूल', अगदी अलीकडचा, तोही प्रत्यय घेतो. तिसरा स्वीडिश 'ब्रा', शेकडो वर्षं जुना, घेत नाही. चौथा 'सेक्सी', नवा, जर्मनमध्ये घेत नाही, 'आइने सेक्सी श्टिमे' म्हणजे मादक आवाज, तिथे 'सेक्सी' जसाच्या तसा. म्हणजे जुना घेणारा, नवा घेणारा, जुना न घेणारा, नवा न घेणारा, चारही प्रकार आहेत, तेव्हा वयाचा निकष संपला.

आता शेपटी बघा. 'फाइन' आणि 'कूल' व्यंजनावर संपतात. 'ब्रा', 'लीला', 'सेक्सी' स्वरावर. जर्मनमध्ये विशेषणाचे प्रत्यय सगळे 'ए'ने सुरू होतात (ए, एन, एर, एस, एम) आणि ते व्यंजनाला सहज चिकटतात. 'कूल' अधिक 'एस', झालं 'कूलेस'. पण 'लीला' अधिक 'एस' केलं की 'आ' आणि 'ए' समोरासमोर येतात आणि जर्मन जिभेला ते मानवत नाही. म्हणून प्रमाण जर्मनमध्ये लीला, रोझा (गुलाबी), प्रिमा (झकास), एक्स्ट्रा, सेक्सी हे सगळे अविकारी. जवळून बघायचं तर असं:

आइन कूलेस क्लाइट, मिट आइनेम कूलेन क्लाइट, दी कूलेन क्लाइडर.
आइन लीला क्लाइट, मिट आइनेम लीला क्लाइट, दी लीला क्लाइडर.

पहिल्या ओळीत विशेषण वाक्यागणिक बदलतंय, दुसरीत हलत नाही, बाकी सगळं तेच.

'प्रिमा'ची एक गंमतीची बाजू आहे. हा व्यापाऱ्यांच्या इटालियनमधून आला, 'प्रिमा सोर्ते' म्हणजे पहिल्या प्रतीचा माल, त्यातलं 'सोर्ते' गळून पडलं आणि 'प्रिमा' राहिलं. इटालियनमध्ये 'प्रिमा' हे स्त्रीलिंगी रूप आहे, पुल्लिंगी 'प्रिमो'. म्हणजे शब्द येतानाच आपला एक प्रत्यय अंगावर घेऊन आलाय, पण जर्मन कानाला तो प्रत्यय वाटत नाही, शब्दाचाच भाग वाटतो, आणि वर जर्मन प्रत्यय चढवायला जागाही राहत नाही.

आता तुमचा मूळ गुंता, ब्राफ आणि ब्रा. हा शब्द मला फार आवडतो कारण एकच विशेषण जर्मानिक कुटुंबात कुठे कुठे गेलं आणि प्रत्येक घरात त्याचं काय झालं हे त्याच्यावरून स्पष्ट दिसतं. मूळ इटालियन 'ब्राव्हो', तिथून फ्रेंच 'ब्राव्ह', आणि मग सैनिकांच्या बोलण्यातून तो जर्मनीत पसरला, १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध हा त्याच्या पसरण्याचा मोठा काळ. तेव्हा अर्थ होता शूर. नंतर अर्थ सरकत गेला, शूर, मग सज्जन, कामाचा माणूस, आणि आज जर्मनमध्ये मुलाला 'झाइ ब्राफ' म्हणतात म्हणजे शहाण्यासारखा वाग. डचमध्ये तोच शब्द मुलाला आणि कुत्र्याला शाबासकी म्हणून. इंग्रजीत ब्रेव्ह शूरच राहिला, पण शेक्सपिअरच्या काळी त्याचा अर्थ देखणा, दिमाखदार असाही होता. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत शेवटचा 'व्ह' गळून 'ब्रॉ' झाला, अर्थ छान. आणि स्वीडिश-नॉर्वेजियनमध्येही तसाच 'व्ह' गळाला आणि 'ब्रा' झाला, अर्थ चांगला. डॅनिशमध्ये तो गळला नाही, तिथे तो थोड्या जुन्या वळणाचा 'सज्जन' या अर्थाचा शब्द आहे आणि रोजच्या 'चांगला'साठी डॅनिश माणूस दुसराच शब्द वापरतो.

तर जिथे शेवटचं व्यंजन टिकलं तिथे प्रत्यय लागले, जिथे गळलं तिथे लागले नाहीत. जर्मन आणि डच समोरासमोर ठेवून बघा, इथे अजून एक गोष्ट दिसेल जी आपल्या विद्यार्थ्यांच्या उच्चारात कायम चुकते:

जर्मन: दास किंट इस्ट ब्राफ. आइन ब्राव्हेस किंट. आइन ब्राव्हर हुंट.
डच: एन ब्राफ किंट. हेत ब्राव्हे किंट. एन ब्राव्हे होंट.

शब्द एकटा असताना 'फ', प्रत्यय लागला की 'व्ह'. जर्मन आणि डच दोघांनाही शब्दाच्या शेवटी 'व्ह', 'ड', 'ब' अशी घोष (घसा थरथरवून म्हणायची) व्यंजनं चालत नाहीत, म्हणून तिथे ती अघोष ('फ', 'ट', 'प') होतात, आणि मागून स्वर आला की मूळ आवाज परत येतो. 'क्लाइट' पण 'क्लाइडर', तोच प्रकार. फरक एवढाच की जर्मन लोक दोन्हीकडे एकच अक्षर लिहितात आणि वाचणाऱ्याने उच्चार बदलायचा, तर डच लोक 'फ'-'व्ह'च्या बाबतीत जसं बोलतात तसं अक्षरही बदलतात. त्यामुळे डच शिकणाऱ्याला लिहिताना त्रास आणि जर्मन शिकणाऱ्याला वाचताना. माझ्या वर्गात 'ब्राव्ह' असा इंग्रजी वळणाचा उच्चार सर्रास येतो, तो सोडवायला मी मुद्दाम ही जोडी पाठ करून घेते.

डचच्या त्या तीन उदाहरणांत पहिल्याला 'ए' का नाही, तर डचचा नियम तसा आहे: नपुंसकलिंगी एकवचनी नाम आणि त्याआधी 'एन' (एक) असेल तर विशेषण उघडं, बाकी नामाआधी बहुतेक सगळीकडे 'ए'. याचा परक्या शब्दाशी संबंध नाही, डच शब्दांनाही तोच नियम. हे सांगायचं कारण म्हणजे डचमध्ये एखाद्या परक्या विशेषणाला प्रत्यय दिसला नाही की 'हा अविकारी असेल' असं लगेच ठरवू नका, आधी नाम कुठल्या लिंगाचं ते बघा. 'एन कूल इडे' (मस्त कल्पना) मध्ये कूल उघडा आहे कारण 'इडे' नपुंसकलिंगी, 'एन कूले खास्त' (मस्त माणूस) मध्ये लगेच 'ए' आला.

स्वीडिशकडे वळू, कारण तुम्हाला रोज तीच लागणार आहे. तिथे नामाचं लिंग दोनच, 'एन'वालं आणि 'एत्त'वालं. विशेषणाला 'एत्त'साठी 'त' लागतो आणि अनेकवचन किंवा निश्चित ('ते घर' असं ठरावीक) नामासाठी 'आ'. कूल, कूल्त, कूला. फीन, फीन्त, फीना. आता तुम्ही म्हणाल की स्वर आला की प्रत्यय नाही, हा नियम इथेही लावू. थोडा जपून लावा. स्वीडिशमध्ये 'ब्लो' म्हणजे निळा, स्वरावर संपतो, तरी 'एत्त ब्लोत्त हूस' होतं, निळं घर. 'नी' म्हणजे नवा, 'एत्त नित्त हूस'. म्हणजे नुसता स्वर पुरत नाही. मग 'ब्रा'चं 'ब्रात्त' का झालं नाही? माझं स्पष्टीकरण असं, आणि व्याकरणाच्या पुस्तकातला 'आ आणि ए वर संपणारी विशेषणं अविकारी' हा नियमही हेच सांगतो: स्वीडिशमध्ये 'आ' हाच अनेकवचनाचा आणि निश्चित रूपाचा प्रत्यय आहे. जो शब्द येतानाच 'आ'वर संपतो तो त्या भाषेच्या कानाला आधीच प्रत्यय लागलेला वाटतो. मग त्याला परत काय लावणार. म्हणून ब्रा, लीला, रोझा, एक्स्ट्रा सगळे गोठलेले. एन ब्रा बील (चांगली गाडी), एत्त ब्रा हूस, ब्रा बीलार (चांगल्या गाड्या), तिन्हीत ब्रा तसाच.

याचा पक्का पुरावा म्हणजे 'एक्ता' (अस्सल). जर्मन 'एश्ट' हा शब्द तुम्हाला माहितीय, 'एश्टेस गोल्ट' म्हणजे अस्सल सोनं. हा उत्तर जर्मनीतल्या लो जर्मन बोलीचा शब्द, मूळ अर्थ कायद्याला धरून असलेला. हान्सा व्यापारी संघाच्या काळात, म्हणजे ल्युबेकचे व्यापारी बेर्गन, स्टॉकहोम, विस्बी अशा बंदरांत ठाण मांडून होते तेव्हा, लो जर्मन शब्द उत्तरेकडे ढिगाने गेले, त्यातला हा एक. तो शेवटी स्वर घेऊनच गेला. म्हणून स्वीडिशमध्ये 'एक्ता', नॉर्वेजियनमध्ये 'एक्ते', डॅनिशमध्येही 'ए'वर संपणारा, आणि तिन्हीकडे अविकारी. तोच शब्द जर्मन-डचमध्ये व्यंजनावर संपतो आणि तिथे निमूट प्रत्यय घेतो. स्वीडिशमध्ये लग्नाला 'एक्तेनस्काप' म्हणतात, डचमध्ये नवऱ्याला 'एख्तखनोत', म्हणजे 'कायद्याने झालेलं' हा जुना अर्थ दोन्हीकडे अजून जिवंत आहे.

मराठी माणसाला या सगळ्यात एक फायदा आणि एक तोटा आहे. तोटा असा की आपण इंग्रजीतून आलेल्या कुठल्याही विशेषणाला काही लावत नाही. कूल मुलगा, कूल मुलगी, कूल घर. त्यामुळे जर्मन बोलताना 'कूल' शब्द आला की आपला कान गप्प बसतो आणि 'आइन कूल फिल्म' निघून जातं, जे चूक आहे, 'आइन कूलर फिल्म' हवं. जे विद्यार्थी 'आइन गुटर फिल्म' बिनचूक म्हणतात तेच 'कूल'ला अडखळतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता उसन्या शब्दांचा सराव वेगळा घेते.

फायदा असा की हा सगळा प्रकार आपल्या भाषेत आधीच घडून गेलाय, फक्त फारसीच्या बाबतीत. 'ताजा' फारसीतून आला, 'आ'वर संपतो, आपल्या काळा-गोराच्या रांगेत बसला, म्हणून ताजा मासा, ताजी भाजी, ताजं दूध. पण 'जादा'ही तिकडूनच आला, तोही 'आ'वर संपतो, तरी जादा भाजी, जादा पैसे, जादा गाडी, हलत नाही. 'जादी भाजी' कुणी म्हणणार नाही. कारण 'जादा' हा गुण सांगणाऱ्यापेक्षा प्रमाण सांगणारा शब्द आहे, तो 'कमी'च्या जोडीला बसतो. म्हणजे शेपटी जुळली तरी शब्दाचं काम वेगळं असेल तर तो रांगेत शिरत नाही. हे लक्षात ठेवा कारण जर्मनमधल्या अपवादांची हीच किल्ली आहे.

ते अपवाद असे: 'झूपर' (सुपर), 'टॉप', 'क्लासे'. झूपर आणि टॉप व्यंजनावर संपतात, नियमाप्रमाणे प्रत्यय घ्यायला हवेत, पण 'आइन झूपर फिल्म', 'मिट आइनेम झूपर फिल्म', काही नाही. झूपर मुळात दुसऱ्या शब्दाला पुढून जोडायचा तुकडा, क्लासे मुळात नाम, टॉपही नाम म्हणून आणि जोडशब्दांत वावरलेला. हे शब्द विशेषणाच्या खुर्चीवर बसले पण विशेषणाची सवय त्यांना लागली नाही. म्हणून परका शब्द दिसला की शेपटीसोबत एवढंही बघा की तो आधी काय होता. 'फिट', 'फेअर', 'क्लेव्हर' हे इंग्रजीतही विशेषणंच, ते जर्मनमध्ये गुपचूप प्रत्यय घेतात: 'आइन फिटर मेन्श', 'आइन फेअरेस श्पील'.

आणि हो, 'ब्रा' आणि आपला 'बरा' यांचा काही संबंध नाही, हे दर बॅचला कुणीतरी विचारतं म्हणून सांगून ठेवते. बरा हा संस्कृत 'वर'पासूनचा, आणि तो बरा-बरी-बरं असा व्यवस्थित बदलतो. अर्थ जवळ आलाय तो योगायोग.

संबंध खरा आहे तो 'लीला'चा. उच्चार आपल्या लीला या नावासारखाच, पण नातं त्या नावाशी नाही, 'नीळ'शी आहे. संस्कृत 'नील', तिथून फारसी 'नील' आणि 'नीलक' म्हणजे निळसर, मग अरबी, मग स्पॅनिश-फ्रेंच मार्गे फुलाचं नाव म्हणून युरोपात, आणि फुलावरून रंग. इंग्रजी लायलॅक तोच. 'ओरांश' म्हणजे नारिंगी, तोही संस्कृत 'नारंग'पासून असाच फारसी-अरबी वाटेने गेलेला. आता बघा, ज्या घरातून शब्द निघाले तिथे 'निळा' विकारी आहे, निळा-निळी-निळं, आणि 'नारिंगी' अविकारी, नारिंगी साडी, नारिंगी शर्ट. जर्मनीत पोचेपर्यंत 'लीला' अविकारी झाला आणि 'ओरांश' मात्र बोलण्यात सर्रास प्रत्यय घ्यायला लागलाय. शब्द कुठून आला यावर काही ठरत नाही, असं मी वर म्हटलं ते याचसाठी.

रंगांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या मैत्रिणीच्या 'लीलानेस'कडे येते. सोलापूरच्या टॉवेलची जर्मन लेबलं आणि कॅटलॉग मी काही काळ तपासून द्यायचे. टॉवेल म्हणजे 'हांटटुख', नपुंसकलिंगी, आणि कॅटलॉगमध्ये लाल, हिरवा, पांढरा यांच्यामागोमाग गुलाबी, जांभळा, नारिंगी, बेज. लाल-हिरव्याला 'रोटेस हांटटुख', 'ग्र्यूनेस हांटटुख' आणि लगेच खाली 'रोझा हांटटुख'. यादीत ते तुटक दिसतं आणि जर्मन माणसालाही ते तुटक वाटतं, म्हणूनच बोलीत लोकांनी मध्ये एक 'न' घालून वाट काढलीय. लीला-न-एस, रोझा-न-एस, ओरांशे-न-एस. 'आ' आणि 'ए'ची टक्कर 'न'ने टळते, कानाला छान वाटतं, लहान मुलं तर असंच बोलतात. पण छापील मजकुरात, परीक्षेत, ऑफिसच्या मेलमध्ये ते अजून बोलीभाषेतलंच समजलं जातं. म्हणून मी लेबलवर दुसरा रस्ता घ्यायचे: 'फार्बेन' (रंगाचा) हा शब्द जोडायचा. 'लीलाफार्बेनेस हांटटुख', 'रोझाफार्बेनेस हांटटुख'. शब्द लांब होतो पण प्रत्यय बिनदिक्कत लागतो आणि कुणी चूक काढू शकत नाही. आपणही 'जांभळ्या रंगाचा' म्हणतोच की.

तर तुमच्यापुरतं: मैत्रिणीला चॅटवर 'लीलानेस' लिहा, बिनधास्त. परीक्षेत आणि अर्जात 'लीला' उघडं ठेवा किंवा 'लीलाफार्बेन' लावा. 'ओरांश' आणि 'बेज' यांचं थोडं परिस्थितीवर आहे. उच्चारात दोन्ही व्यंजनावर संपतात, म्हणून 'ओरांशेस हेम्ट' (नारिंगी शर्ट), 'बेजर मांटल' (बेज कोट) हे बोलण्यात आणि हल्ली लिखाणातही इतकं दिसतं की मी वर्गात चूक म्हणून कापत नाही, पण ज्याचे पैसे घेते त्या मजकुरात 'फार्बेन'च वापरते, कारण समोरचा वाचणारा किती कडक आहे ते मला माहीत नसतं. इंग्रजीतला 'ट्रेंडी' असाच अडचणीचा, 'ई'वर संपणारा. जर्मन लोकांनी त्याची शेपटी आपल्या 'इग' प्रत्ययाने बदलून 'ट्रेंडिग' केलं आणि मग 'आइन ट्रेंडिगेस क्लाइट' सुरळीत झालं.

आइसलँडिकबद्दल एकच सांगते, कारण तिथे हीच गोष्ट टोकाला गेलेली दिसते. तिथे एका विशेषणाची रूपं इतकी की परका शब्द एकतर पूर्ण रांगेत बसतो, 'फीन'सारखा, नाहीतर अजिबातच बसत नाही. इंग्रजी 'टफ'वरून आलेला 'तॉफ' आणि 'कूल' हे दोन्ही तिथल्या तरुणांच्या तोंडी आहेत, व्यंजनावर संपतात, तरी अविकारीच. म्हणजे स्वीडिशमध्ये दोनच प्रत्यय, सहज लागतात, 'कूल' लगेच विकारी झाला. आइसलँडिकमध्ये एवढा मोठा पसारा, तो नव्या शब्दाला पेलवत नाही. तेव्हा शेपटीचा नियम जर्मन, डच, स्वीडिश, नॉर्वेजियनपुरता वापरा, तिथे तो बऱ्यापैकी चालतो.

आत्तापर्यंतचं एकत्र करायचं तर, शब्द आला की आधी ऐकायचं तो कशावर संपतो. व्यंजन असेल तर प्रत्यय लावायचा, जर तो आधीपासून विशेषण असेल तर. नाम किंवा जोडतुकडा होता असं कळलं तर थांबायचं. जर्मनमध्ये 'आ', 'ई' असा ठळक स्वर असेल तर उघडं ठेवायचं. डचमध्ये 'ए'वर संपत असेल तर अजून एक 'ए' लागत नाही, म्हणून 'ओरान्ये' आणि 'रोझे' (गुलाबी) कायम तसेच. स्वीडिशमध्ये 'आ' किंवा 'ए' असेल तर उघडं, बाकी 'त' आणि 'आ'.

स्वीडनला जाताय म्हणून दोन गोष्टी खास तुमच्यासाठी, जर्मनवरून येणाऱ्या प्रत्येकाला या नडतात.

पहिली, जर्मनमध्ये विशेषण क्रियापदानंतर आलं की प्रत्यय नाही. 'दास हाउस इस्ट कूल', 'दी आउटोस झिंट कूल'. ही सवय इतकी घट्ट बसलेली असते की स्वीडिशमध्येही लोक तसंच म्हणतात. पण स्वीडिशमध्ये तिथेही जुळवावं लागतं: 'हूसेत एर कूल्त', घर कूल आहे, 'बीलार्ना एर कूला', गाड्या कूल आहेत. इथे जर्मन विसरा आणि मराठी आठवा. घर मोठं आहे, गाड्या मोठ्या आहेत. आपण हे जन्मापासून करतोय, फक्त जर्मन शिकताना ती सवय दाबून टाकलेली असते, ती परत मोकळी करायची. आणि 'ब्रा', 'लीला' इथेही उघडेच: 'हूसेत एर ब्रा', 'बीलार्ना एर लीला'.

तुलना करताना 'ब्रा' अजून एक वेगळेपणा दाखवतो. 'ब्रारे' वगैरे होत नाही, 'ब्रा, बेत्रे, बेस्त'. ही पुढची दोन रूपं मुळात जुन्या जर्मानिक 'गूद'ची (चांगला), जसं इंग्रजीत गुड, बेटर, बेस्ट. उसना शब्द येऊन पहिल्या जागेवर बसला आणि पुढच्या दोन जागा घरच्याच राहिल्या. 'गूद' गेला नाही, तो आज मुख्यतः खाण्यापिण्याच्या चवीसाठी आणि माणसाच्या चांगुलपणासाठी वापरतात, आणि तो विकारी आहे: गूद, गोत्त, गूदा. 'लीला'ची तुलना करायची वेळ आली तर पुढे 'मेर' (अधिक) लावायचं, 'मेर लीला'.

दुसरी गोष्ट, स्वीडिशमध्ये 'देन लीला बीलेन' म्हणजे ती जांभळी गाडी, आणि 'देन लिल्ला बीलेन' म्हणजे ती छोटी गाडी. पहिल्यात 'ली' दीर्घ, दुसऱ्यात 'लि' ऱ्हस्व आणि 'ल' दुहेरी. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ शाळेपासून कळतं म्हणून हे जमायला हरकत नाही, पण बोलताना 'ली' खरंच लांबवा. आणि हीच गाडी घेऊन सीमेपलीकडे नॉर्वेत गेलात तर तिथे 'लिल्ला' म्हणजे जांभळी आणि 'लिल्ले' म्हणजे छोटी, डॅनिशमध्येही तसंच. म्हणजे स्वीडिश माणसाचं छोटं ते नॉर्वेजियन माणसाचं जांभळं.

नारिंगीबद्दल स्वीडिश लोक स्वतःच 'एत्त'वाल्या नामाआधी अडखळतात, 'त' लावावा की नाही. तिथे लिहिताना शब्द उघडा ठेवा, किंवा जुना 'ब्रांदगूल' हा शब्द वापरा, शब्दशः आगीसारखा पिवळा, तो व्यंजनावर संपतो आणि 'ब्रांदगूल्त, ब्रांदगूला' असा व्यवस्थित चालतो. तो थोडा जुन्या वळणाचा वाटेल, पण समजतो सगळ्यांना. नॉर्वेजियनमध्ये ही अडचणच नाही, त्यांनी शब्द आपल्या पद्धतीने 'ओरान्शे' लिहून शेवटी 'ए' ठेवला आणि तो आपोआप अविकारी झाला.

सरावासाठी कूल, फीन, ब्रा, लीला, एक्ता आणि एक्स्ट्रा एवढे सहा शब्द घ्या, प्रत्येकाला एका 'एन'वाल्या नामाआधी, एका 'एत्त'वाल्या नामाआधी, अनेकवचनात आणि 'आहे'नंतर असं चारही ठिकाणी मोठ्याने म्हणा, लिहू नका, म्हणा. अडलं तर नेमकं कुठलं वाक्य अडलं ते इथे टाका, मी बघून सांगते.